लॉकहार्टला बार्बेक्यू खायला गेलो आणि बाबा म्हणाले, "ताट कुठंय?"

माणदेशी_ऑस्टिनकर

मंडळी, नमस्कार. 'आईवडील अमेरिकेत आले की त्यांना कुठं न्यायचं' या जुन्या धाग्यावर प्रतिसाद लिहायला बसलो होतो. तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आईबाबा सांगोल्याकडचे. फेब्रुवारीपासून आमच्याकडे ऑस्टिनला आहेत. स्पेस सेंटर झालं, सॅन अँटोनिओ झालं, मंदिरं झाली, कॉस्टको तर तीनदा झालं. चौथ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "हितली माणसं कुठं जेवत्यात ते दाव की."

आता आली पंचाईत. हितली माणसं शनिवारी दुपारी जेवतात ते बार्बेक्यू, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद शिजवलेलं मांस, आणि टेक्सासात बार्बेक्यूचा राजा म्हणजे ब्रिस्केट, म्हणजे बीफ. मी खातो, बाबा खात नाहीत, आई अंडंसुद्धा खात नाही. आमच्या घरात या विषयावर एकही शब्द न बोलता झालेला करार आहे आणि तो सात वर्षं टिकलाय. (इथंही तो टिकावा ही विनंती.)

तरी नेलं. लॉकहार्ट ऑस्टिनच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर आहे. १३० नंबरच्या टोल रस्त्याने गेलो. त्यावर ताशी ८५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे १३७ किमी, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त. बाबांनी दरवाज्यावरचा दांडा शेवटपर्यंत सोडला नाही. रस्ता सोडून गावाकडे वळलो तेव्हा कुठं त्यांनी बाहेर बघितलं आणि एकदम म्हणाले, "आरं, ही तर वेडी बाभळ! हितं बी आली व्हय?" मी म्हटलं, याला इथं मेस्काइट म्हणतात. "नाव काय बी ठिव. काटा बघ की."

गाव छोटं. मधोमध १८९४ सालचं मनोऱ्यांचं कोर्ट, भोवती चौक, चौकाभोवती जुनी दुकानं. तालुक्याच्या गावाची कळा इथंही तीच, फक्त वडाप नाही. १९९९ मध्ये टेक्सासच्या विधानसभेने ठराव करून या गावाला 'टेक्सासची बार्बेक्यू राजधानी' म्हटलंय. जुनी नावं तीन: ब्लॅक्स, १९३२ पासून एकाच घराण्याकडे. क्रॉइट्झ मार्केट, १९०० चं (लिहिताना असं दिसतं, गावातले लोक 'क्राइट्स' म्हणतात). आणि स्मिटीज मार्केट.

आम्ही स्मिटीजला गेलो. मागच्या दाराने शिरलो आणि आई जागच्या जागी थांबली. आत अंधार, भिंती धुराने काळ्या कुळकुळीत, विटांच्या लांबलचक भट्ट्या आणि भट्टीच्या तोंडाशी चक्क जमिनीवर पोस्ट ओक नावाच्या झाडाची लाकडं पेटलेली. ना जाळी, ना कठडा. रांग त्या आगीच्या शेजारून जाते. आईने नातवाला उचलून कडेवर घेतलं, तो पाच वर्षांचा घोडा आहे, आणि मांस हातात येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

रांगेत उभं असताना बाबांनी ते फेमस वाक्य टाकलं, "ताट कुठंय?"

ताट नाही. मांस पाउंडावर मिळतं. पाउंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्यासमोर कापतात, काट्यावर टाकतात, जाड खाकी कागदात गुंडाळून हातात देतात. सोबत पांढरा ब्रेड किंवा खारी बिस्किटं. बटाट्याचं सॅलड, कांदा, लोणचं हवं असेल तर पलीकडच्या हॉलमध्ये वेगळी रांग. मी इथं चौथ्यांदा आलो होतो, पण हे असं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बाबांना मिनिटभरात कळलं. "हे हाटेल न्हाई रं. हे खाटकाचं दुकान हाय."

आणि ते बरोबर आहे! अशी बरीच दुकानं जर्मन आणि चेक खाटकांनी काढलेली. दिवसभरात जे मांस विकलं जाईना ते टिकावं म्हणून धुरी द्यायची, उरलेल्या तुकड्यांचं सॉसेज करायचं. कापूस वेचायला येणारे काळे आणि मेक्सिकन मजूर ते कागदातलं गरम मांस घेऊन तिथंच उभ्याने खायचे. दुकानात जे असायचं तेच सोबत मिळायचं: बिस्किटं, कांदा, चीज. त्याचीच पुढे पद्धत झाली.

एकदा खाटकाचं दुकान म्हटल्यावर बाबा पाण्यातल्या माशासारखे सुटले. शनिवारच्या बाजारात मटण घेताना उभे राहतात तसे, हात मागे बांधून, नजर सुरीवर. डुकराचं त्यांना वावडं नाही (ही माहिती गावाकडे पोचू नये). पोर्क चॉप दाखवून म्हणाले, "ह्यो न्हाई, त्याच्या मागला. चरबीची कड हाय बघ." मी इंग्रजीत सांगितलं. कापणारा हसला, मागलाच दिला. मग बाबा माझ्या कानात, "सुरी तीच हाय." मी भीतभीत सांगितलं की वडील बीफ खात नाहीत. त्याने एक अक्षर न बोलता सुरी पुसली, लाकडी ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला नवा कागद अंथरला आणि त्यावर कापलं. मागे वीस माणसं उभी होती. कुणी च्यक् केलं नाही.

आईने पलीकडून एक अख्खं अवोकाडो, टोमॅटो, कांदा आणि हालापेन्यो मिरची घेतली. प्लास्टिकच्या सुरीने कागदावरच बारीक चिरून, मीठ घालून कोशिंबीर केली आणि खाऱ्या बिस्किटांवर घेऊन खाल्ली. शेजारच्या बाकावरची टोपीवाली आजी बघत होती. आईने एक बिस्किट तिच्यापुढे केलं. तिने खाल्लं आणि स्वतःची अर्धी पेकान पाय आईला दिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण बोलणं वीस मिनिटं चाललं.

तर प्रश्न असा: बीफ न खाणाऱ्या पाहुण्यांना घेऊन अशा छोट्या गावांतल्या बार्बेक्यूला आणखी कुठं जाता येईल? बाबांना चटक लागलीय.

हिंजवडी_ते_ह्यूस्टन

फोटो दिसत नाहीत.

माणदेशी_ऑस्टिनकर

टाकलेच नाहीत. हात तुपकट होते. (तूप नव्हतं, पण समजून घ्या.)

धूरकट

मस्त लिहिलंय. बाबांना माझा दंडवत.

घरी मागच्या अंगणात स्मोकर आहे म्हणून चार शब्द. लोक विचारतात, ब्रिस्केटला बारा-चौदा तास कशाला? ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा स्नायू. जनावर उभं असताना निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायांवर, म्हणून हा स्नायू राबलेला, चिवट. त्यात कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, भरपूर. ते मंद आचेवर तासन्‌तास विरघळून जिलेटिन होतं तेव्हा मांस बोटाने तुटायला लागतं. धुराचं तापमान ११० ते १३५ सेल्सिअस आणि मांसाच्या आत ९५ च्या आसपास गेलं की झालं. आपल्या पायासूपाचंच तत्त्व, फक्त पाणी नाही.

मधे एक गंमत होते. आतलं तापमान ६५-७० पर्यंत सरसर चढतं आणि मग दोन-तीन तास जाम हलत नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं थर्मामीटर गेला. बायको म्हणाली गॅस संपला असेल. (लाकडावर होतं.) कारण साधं आहे: मांसाला घाम येतो, घाम सुकताना गारवा देतो, आच जितकी देते तितकं घाम पळवतो. माठातलं पाणी गार राहतं तसंच. यावर उपाय म्हणजे कागदात गुंडाळणे, नाहीतर खुर्ची टाकून बसणे.

मसाला विचाराल तर मीठ आणि जाडसर मिरी. संपलं. मी एकदा कांदालसूण मसाला लावला होता. बाहेरून कोळसा झाला, कारण तिखटातलं सगळं बारा तासांत जळून कडू होतं. त्या दिवशी पिझ्झा मागवला.

शाकाहारी_पण_उत्सुक

आईंची कोशिंबीर वाचून जीवात जीव आला! माझ्या ऑफिसची टीम अशाच ठिकाणी जाते आणि मी दर वेळी राजमा म्हणून बीन्स घेते. बीन्स तरी शाकाहारी असतात ना?

धूरकट

ताई, बसून वाचा. बहुतेक ठिकाणी बीन्समध्ये बेकन किंवा ब्रिस्केटच्या कडा घालतात. कोलार्डच्या पाल्यातही (कोबीच्या जातीची पालेभाजी) डुकराचं हाडूक असतं. काउंटरवर विचारा, खरं सांगतात. बटाट्याचं सॅलड, कोलस्लॉ, मॅक अँड चीज, लोणचं, केळ्याचं पुडिंग यावर निभतं, पण अंडं आणि जिलेटिन चालत नसेल तर तेही विचारून.

शाकाहारी_पण_उत्सुक

तीन वर्षं झाली हो मला त्या टीममध्ये.

कडक_चहा

तीन वर्षांचं पाप एका एकादशीत फिटतं. काळजी नसावी.

सत्यवचनी

धागा चांगला आहे, पण एक स्पष्ट बोलतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि आपण परदेशात जाऊन त्याच गोष्टीचं कौतुक करायचं? वडील खात नाहीत तर त्यांना त्या धुरात उभं तरी कशाला केलंत?

खवय्या_सातारी

वडील स्वतः म्हणाले "दाव" म्हणून. त्यांनी चॉप पण स्वतः निवडला. तुम्ही लेख वाचला की नुसता शोधशब्द टाकून आलात?

सत्यवचनी

वाचला. म्हणूनच म्हटलं.

धागासेवक

दोघांनाही विनंती, धागाकर्त्याने वर करार सांगितला आहे. कोणी काय खावं यावर स्वतंत्र धागे आहेत, एकूण अकरा, सगळे कुलूपबंद. हा बारावा करू नका.

केंटकीची_काकू

तुझ्या बाबांसाठी माझ्याकडे एकच पत्ता आहे. ओवेन्सबरो, केंटकी. तिथे बार्बेक्यू म्हणजे मटण!

हो, मटण. लँब नव्हे, म्हातारी मेंढी. एकोणिसाव्या शतकात त्या भागात लोकरीसाठी मेंढ्या खूप पाळायचे. मेंढी म्हातारी झाली, लोकर देईना, की काय करायचं? मांस चिवट, वास उग्र. मग हिकरीच्या लाकडावर रात्रभर ठेवायचं. वर सारखं 'डिप' मारत राहायचं: व्हिनेगर, वूस्टर सॉस, मिरी असं काळं पाणी असतं. मूनलाइट नावाचं जुनं ठिकाण आहे, तिथे बुफे असतो. ह्यांनी पहिला घास घेतला आणि गप्प झाले. मग म्हणाले, "रस्सा असता तर." पुढच्या वेळी मी घरून भाकरी आणि डब्यात पांढरा रस्सा नेला, पार्किंगमध्ये गाडीत बसून खाल्लं. सांगायला लाज कसली.

बर्गू नावाचं एक दाट कालवणही मिळतं, त्यात मटण, कोंबडी, मका, बटाटा सगळं असतं. मे महिन्यात तिथे बार्बेक्यूची जत्रा भरते. नदीकाठी. चर्चचे लोक रात्रभर भट्टीवर पहारा देतात. आपल्याकडे कंदुरीला बाप्ये कसे चुलखंडाभोवती बसतात, तसेच बसतात. गप्पा पण तशाच असणार, मला खात्री आहे.

माणदेशी_ऑस्टिनकर

काकू, बाबांना वाचून दाखवलं. "किती लांब हाय?" विचारलं. चौदा-पंधरा तास गाडीने म्हटल्यावर म्हणाले, "मग? सांगोल्याहून काशीला न्हाई का गेलो?"

रालेचा_राजू

बीफ नको असेल तर टेक्सास सोडा आणि आमच्या नॉर्थ कॅरोलायनात या. इथे बार्बेक्यू म्हणजे डुक्कर, दुसरं काही नाही. पश्चिमेला लेक्झिंग्टन गावात डुकराचा खांदा, त्यावर व्हिनेगर आणि थोडं केचप. कोबीची कोशिंबीरसुद्धा लाल. पूर्वेकडे अख्खं डुक्कर, फक्त व्हिनेगर आणि मिरची, टोमॅटोचं नाव काढायचं नाही. पूर्वेला एडन गावात स्कायलाइट इन म्हणून १९४७ चं दुकान आहे. त्याच्या छपरावर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलसारखा घुमट बांधलाय. आत दोन सुऱ्यांनी मांस बारीक करायचा खटखट आवाज अखंड चालू. खिमा करताना होतो ना, तोच.

पूर्व-पश्चिमवाले एकमेकांना बार्बेक्यूतलं काही कळतं असं मानत नाहीत. कोल्हापूर आणि नागपूरला मटणावरून समोरासमोर बसवा, म्हणजे अंदाज येईल.

हिंजवडी_ते_ह्यूस्टन

लेक्झिंग्टन तर ऑस्टिनहून तासाभरावर आहे. फक्त शनिवारी उघडतं, सकाळी आठला. मी गेलोय.

रालेचा_राजू

ऑस्टिनहून तासाभरात विमान पण येत नाही इथे.

हिंजवडी_ते_ह्यूस्टन

अहो मी स्वतः सात वाजता रांगेत उभा होतो!

धूरकट

भांडू नका, लेक्झिंग्टन दोन आहेत. राजूचं नॉर्थ कॅरोलायनातलं. हिंजवडीचं टेक्सासमधलं, तिथलं स्नोज नावाचं दुकान. हजार-बाराशे वस्तीचं गाव. टेक्सास मंथली मासिकाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये त्या दुकानाला राज्यात पहिला नंबर दिला. भट्टीवर टूट्सी टोमनेट्झ आजी, जन्म १९३५ चा. ऐंशी उलटल्यावरही शुक्रवारी रात्री उशिरा येऊन फावड्याने निखारे ओढायच्या आणि आठवडाभर शाळेत सफाईचं काम करायच्या. त्यांचा पोर्क स्टेक बाबांना चालेल. पण सकाळी आठला मांस खायची तयारी हवी.

खवय्या_सातारी

सकाळी आठला मांस खायची तयारी?? आमच्याकडं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी साडेसातला सुरुवात होते.

अलिबागचा_बगळा

एवढं दूर कशाला, आमची पोपटी आहे. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, ओवा, खडेमीठ, मधे केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी आणि अंडी, परत पाला ठासायचा. मडकं शेतात उपडं घालून भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासात तयार. मडक्यावर पाण्याचे थेंब मारून बघायचं, चर्र झालं की काढायचं. थर्मामीटर नको, चौदा तास नकोत. पाण्याचा एक थेंब आत घालायचा नाही, पाल्याच्या वाफेवर सगळं.

धूरकट

बगळेबुवा, पोपटीला तोड नाही. पण भांबुर्डा ह्यूस्टनला कुठून आणू?

अलिबागचा_बगळा

तोच तर मुद्दा आहे. ज्या मातीतलं ते त्या मातीत.

कडक_चहा

एक रडगाणं माझंही. मागच्या महिन्यात आम्हीही एका छोट्या गावात गेलो होतो. गावाचं आणि दुकानाचं नाव घेत नाही, कारण चूक अर्धी माझी होती. रविवारी दुपारी तीनला पोचलो. आठ माणसं. दारावर पाटी: ब्रिस्केट संपलं, रिब्ज संपल्या, टर्की आहे. टर्की घेतली. सकाळपासून दिव्याखाली पडलेली, खडूसारखी कोरडी. घशाखाली उतरवायला चौघांनी मिळून सहा बिग रेड प्यायले. (बिग रेड म्हणजे टेक्सासचं लालभडक सोडापाणी, चव पेप्सीकोला आणि बबलगमच्या मधे कुठेतरी.) वर पैसे देताना पडद्यावर टिपचे आकडे: वीस, पंचवीस, तीस टक्के. मांस मी उचललं, ट्रे मी उचलला, टेबल मी पुसलं. टिप कुणाला? स्वतःला?

शहाणपण मिळालं ते असं की रात्री भट्टीवर जेवढं चढवलं तेवढंच मांस असतं, संपलं की संपलं, नवीन करायला बारा तास लागतात. त्यामुळे अकराच्या आत पोचा.

माणदेशी_ऑस्टिनकर

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली, स्मिटीज आणि क्रॉइट्झ यांची. बाबांना हा किस्सा पोर्क चॉपपेक्षा जास्त आवडला. मूळ क्रॉइट्झ आज स्मिटीज आहे त्याच इमारतीत होतं. 'स्मिटी' श्मिट यांनी ते १९४८ मध्ये विकत घेतलं. धंदा त्यांच्या हयातीतच मुलांकडे गेला होता; ते १९९० मध्ये गेले, तेव्हा इमारत मुलीकडे आली. पुढे भाड्यावरून बिनसलं. १९९९ मध्ये भावाने नाव उचललं आणि थोड्याच अंतरावर भलंमोठं नवीन दुकान बांधलं. जाताना जुन्या भट्टीतले पेटते निखारे पत्र्याच्या टबात घालून, रस्त्यावरून ओढत नेऊन नवी भट्टी पेटवली. बहिणीने जुन्या जागी वडिलांच्या नावाने दुकान चालू केलं. बाबा बराच वेळ गप्प होते. आमच्या चुलत्यांची वाटणी ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल का ते. मग म्हणाले, "इस्तू नेला म्हंजी घर नेलं." आणि मग, "दोन्हीकडं गर्दी हाय न्हवं? मग बरं झालं."

दुसरी गोष्ट. आईबाबा परवा परत गेले. ओवेन्सबरो राहिलं, पुढच्या खेपेला. काल व्हॉट्सॲपवर बाबांचा फोटो आला: गोठ्यामागे दीडशे विटा, गावातला गवंडी आणि मेंढीची एक मांडी हातात धरलेला माझा चुलतभाऊ. खाली प्रश्न, "पोस्ट ओक हितं न्हाई. वेडी बाभळ चालंल का? त्या धुरावाल्याला इचार."

धूरकट, सांगा.

धूरकट

चालेल काय, पळेल! वेडी बाभूळ आणि टेक्सासचं मेस्काइट एकाच कुळातलं, सख्खी चुलत भावंडं. बाबांनी काट्यावरून ओळखलं ते बरोबरच होतं. फक्त एक करायचं: हे लाकूड लय तापतं आणि कच्चा धूर कडू मारतो. त्यामुळे मांसाखाली ओंडके पेटवायचे नाहीत. बाजूला वेगळं जाळून लाल निखारे करायचे आणि ते फावड्याने भट्टीत सरकवत राहायचं. पश्चिमेकडे लॅनो गावात कूपर्सवाले असंच करतात. लाकूड निदान सहा महिने वाळलेलं हवं. आणि मांडीला फक्त मीठ-मिरी, कांदालसूण मसाला नंतर.

माणदेशी_ऑस्टिनकर

कळवलं. उत्तर आलं: "मसाला आधीच लावलाय."